पाणी कोपराने बघतात

सुवर्णा सातपुतेने बाही वर सारली, उजवं कोपर टपात बुडवलं आणि मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजले. पाणी जरा कडक वाटलं. तिने गार पाण्याचा एक तांब्या ओतला, पुन्हा कोपर बुडवलं, पुन्हा दहा मोजले. मग म्हणाली, "हां, आणा आता पाय."

रेवणप्पा कोरे यांनी आपला डावा पाय दोन्ही हातांनी उचलून टपात ठेवला. पाय त्यांचाच, पण तीस वर्षांपूर्वी त्यातल्या नसा मेल्या होत्या. काटा रुतला तरी कळत नसे, चटका बसला तरी कळत नसे. सोलापूरच्या पदरक्षा मंडळात मंगळवारी असे पन्नासेक पाय यायचे. काही जुन्या महारोगाचे, बहुतेक साखरेच्या आजाराचे. ते धुवायचे, बघायचे, भेग असेल तिथे पट्टी करायची, आणि कागदावर पायाची आखणी काढून त्या एकाच पायासाठी मऊ रबराची चप्पल बनवायची. ती कापायची सुरी गेली चोवीस वर्षं सुवर्णाच्या हातात होती.

भिंतीवर संस्थापक डॉक्टर हळबेबाईंच्या हातची पाटी होती. बाई जाऊन नऊ वर्षं झाली, पाटी तशीच होती. 'पाणी आपल्या कोपराने बघावे. ज्याचा पाय त्याला विचारू नये.' त्याखाली दुसरी ओळ होती. 'मंडळात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाने, मग तो कोणी का असेना, आधी एक पाय धुवावा.'

पहिली ओळ रेवणप्पांमुळे लिहिली गेली होती. पूर्वी एका नर्सने त्यांना प्रेमाने विचारलं होतं, काका, पाणी कसं वाटतंय? काका म्हणाले, बरं आहे. ते उकळत्या पाण्यातही बरं आहेच म्हणाले असते, कारण पायाला कळत नव्हतं आणि नर्सला वाईट वाटू नये असं त्यांना वाटत होतं. त्यात त्यांची दोन बोटं गेली.

"सुवर्णाबाई, वर बोलावलंय," शिपाई दारातून म्हणाला. "सल्लागाराची निवड हाय म्हणं."

"निवड?" रेवणप्पा हसले. "आमच्या लग्नात झाली हुती तसली निवड. पोरगी बघायला गेलो तर दारात मांडव."

रेवणप्पांनी नेमकं सांगितलं होतं. मंडळाला मदत देणाऱ्या कंपनीने अट घातली होती की संस्थेने 'परिवर्तन सल्लागार' नेमावा. एकेचाळीस अर्ज आले. ते माणसांनी वाचले नाहीत. अर्ज चाळणारं एक यंत्र असतं, त्याने चाळून चाळून एकच नाव खाली पाडलं. निहार कारखानीस, गुण चौऱ्याण्णव. आता निवड समितीने त्या एकातून एक निवडायचा होता. यालाच सुशिक्षित लोक पारदर्शक प्रक्रिया म्हणतात.

समितीत तिघं होते. अध्यक्ष विश्वासराव इंगवले, निवृत्त अधिकारी, ज्यांनी अकरा वर्षांत धुण्याच्या खोलीत एकदा पाऊल टाकलं होतं, तेही फोटोपुरतं. सचिव गुळवणी मॅडम, ज्यांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता करता येत असे आणि तक्त्याबाहेरचं जग दिसत नसे. आणि कामगारांची प्रतिनिधी म्हणून सुवर्णा, कारण मंडळाच्या घटनेत तसं लिहिलं होतं.

"दोन संस्थांचे अभिप्राय घेतले, उत्तम आहेत," इंगवले म्हणाले. "तिसरी उमरग्याची पाऊलखूण संस्था. तुमच्याच धंद्यातली. लावा मॅडम."

फोन लागला. टेबलावरून आवाज आला. "नमस्कार. पाऊलखूण संस्थेतून शकुंतला बनसोडे बोलते."

सुवर्णा खुर्चीत पुढे सरकली. शकुंतला! दोघी एकाच पाटावर बसून दोन वर्षं रबर कापायला शिकल्या होत्या.

"कारखानीस सरांनी आम्हाला नवी दृष्टी दिली," आवाज म्हणत होता. "त्यांच्यामुळे आमचं काम अधिक सुटसुटीत आणि परिणामकारक झालं. त्यांच्यासोबतचा प्रवास समृद्ध करणारा होता."

"शकुंतले," सुवर्णा मध्येच म्हणाली, "मी सुवर्णा. काय गं, दवाखान्यातनं बोलतीयस का? बरं नाही का तुला?"

"सुवर्णाताई, आपुलकीने चौकशी केल्याबद्दल आभार. मी आपल्याला आणखी काय माहिती देऊ शकते?"

इंगवल्यांनी फोन बंद केला. "सुवर्णाबाई, हे काय? ती प्रतिवाणी आहे."

प्रतिवाणी म्हणजे काय हे गुळवणी मॅडमनी तिला पोरीला समजवावं तसं समजावलं. संस्थेची पत्रं, अहवाल, माणसांची बोलणी एका यंत्राला ऐकवायची. मग ते त्या संस्थेसारखं बोलू लागतं, हव्या त्या माणसाच्या आवाजात. देणगीदारांना, रुग्णांना, सरकारला तेच उत्तर देतं. "आता कायद्याने प्रतिवाणीचं बोलणं हे संस्थेचंच बोलणं धरतात."

"पण मॅडम, शकुंतलाने जन्मात कुणाला चांगलं म्हटलेलं नाही. आमच्या मास्तरांनी तिला पैला नंबर दिला तर म्हणली, मुडदा बशिवला यांचा, सुरी तर बोथट देत्यात. ती बाई 'समृद्ध करणारा प्रवास' म्हणेल?"

"माणूस सुधारतो," इंगवले म्हणाले.

"मी जाऊन बघून येते उमरग्याला."

मॅडमनी तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. "प्रत्यक्ष जाऊन बघणे, असा रकानाच नाहीये यात."

रकाना नसला तरी एसटी होती. गुरुवारी सुवर्णाने रजा टाकली आणि उमरग्याच्या बसमध्ये बसली.

पाऊलखूण संस्थेच्या शटरला कुलूप होतं. कुलपावर गंज होता. पायरीवर एक शेळी बसली होती, तिने उठायची तसदी घेतली नाही. छताखाली मात्र टिफिनएवढी एक पांढरी पेटी होती, वर सौरपत्रा, आणि पेटीवर हिरवा दिवा लुकलुकत होता. एवढी एकच गोष्ट त्या इमारतीत जिवंत होती. ती आत्ताही कुणाशी तरी बोलत असावी.

शकुंतला दोन गल्ल्या पलीकडे सापडली. दप्तरं शिवत होती.

"मुडदा बशिवला तुझा, सुवर्णे! दहा वर्सांनी आठवण झाली का गं भवाने?"

सुवर्णाला एकदम बरं वाटलं. हीच ती.

"तू तर फोनवर त्या कारखानीसाची आरती ओवाळायलीस की."

शकुंतलाचं मशीन थांबलं. "बोलली का ती सटवी तुझ्याशी?" तिने ओठ पुसले. "त्यानं मला आठ दिवस बोलायला लावलं. म्हणाला, शकुंतलाताई, तुमचा अनुभव म्हंजे ठेवा हाय, जपाया पायजे. चहा काय, बिस्किटं काय! मला बी वाटलं, कुणीतरी इचारायलंय. चोवीस वर्सांत कुणी इचारलं नव्हतं. आठ दिवस बोलले. नवव्या दिवशी सांगितलं, आता तुमच्यावरचा भार कमी करायलाव."

"आणि चपला?"

"टपालानं येत्यात. सहा मापांत." तिने हाताची बोटं नाचवली. "सहा! शहाण्णव माणसं, एकशेब्याण्णव पाय, एक दुसऱ्यासारखा नाही. पाय काय इटा हायत का, साच्यातनं काढायला? चौदा महिन्यांत तीन पाय कापले. धोंडाबाई माळणीचा तर गुडघ्यापातूर. ती रोज त्या पेटीला फोन करायची, बाई, चप्पल लागल्यागत दिसायलीय. पेटी म्हणायची, तुमची काळजी आम्ही समजू शकतो."

"तुझ्या आवाजात?"

"माझ्या आवाजात! मी सोता फोन करून शिव्या घातल्या तिला. आईबापावरनं. मलाच म्हणती, आपल्या भावनांचा मी आदर करते." शकुंतला हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "धोंडाबाई आता मला बघून तोंड फिरवती. तिला वाटतं, मीच बोलले."

संस्था बंद पडली तरी पेटी चालू होती. संस्थेला पत्ता होता, आवाज होता, अहवाल वेळेवर जात होते. खर्च जवळजवळ शून्य आणि तक्रारही शून्य, कारण तक्रार ऐकून आभार मानणारी पेटीच आणि ती निकालात काढणारीही पेटीच. असा नमुना कारखानीसाने आणखी दोन ठिकाणी उभा केला होता. त्याच तीन पेट्या एका सुरात त्याची स्तुती करत होत्या आणि त्यालाच चौऱ्याण्णव गुण पडले होते. विद्यार्थ्यानेच पेपर काढावा, त्यानेच लिहावा, त्यानेच तपासावा, आणि आपण निकालाला पेढे वाटावेत!

शुक्रवारी सकाळी सुवर्णा हे सगळं सांगायला वर गेली, तर टेबलावर पेढेच होते.

"काल सभा झाली," इंगवले म्हणाले. "नेमणूक सर्वानुमते मंजूर."

"सर्वानुमते कशी? मी कुठं होते?"

गुळवणी मॅडमनी कळ दाबली. सुवर्णाच्या कानावर सुवर्णाचा आवाज पडला. "हो, चालेल. माझी काही हरकत नाही."

"हे मी कधी म्हटलं?"

"तुम्ही गैरहजर होतात. कारखानीसांनी चाचणीसाठी तुमची प्रतिवाणी करून दिली होती. सभांचं अकरा वर्षांचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहेच. गैरहजर सदस्याची प्रतिवाणी मत देऊ शकते. नियमात बसतं."

सुवर्णा उभ्या उभ्या विचार करू लागली. अकरा वर्षं ती या खोलीत काय बोलली होती? हो. चालेल. हरकत नाही. चहा सांगू का? याहून जास्त तिला कुणी बोलू दिलं नव्हतं, आणि ती बोललीही नव्हती. खाली धुण्याच्या खोलीत ती डॉक्टरांनाही दटावायची. पण तिथे ध्वनिमुद्रण नव्हतं. त्यामुळे यंत्राला जी सुवर्णा मिळाली ती ही, वरच्या मजल्यावरची, मान हलवणारी. यंत्र खोटं बोललं नव्हतं, हीच गोष्ट तिला जास्त लागली.

तिने उमरग्याचं सगळं सांगितलं. कुलूप, गंज, शकुंतला, धोंडाबाईचा पाय. इंगवल्यांनी शांतपणे ऐकलं आणि खात्री करून घ्यावी म्हणून उमरग्याला फोन लावला.

"आपली संस्था बंद आहे का?" त्यांनी पेटीला विचारलं.

"आमचं काम नव्या स्वरूपात अखंड सुरू आहे," पेटी म्हणाली.

"बघा," इंगवले म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर समाधान होतं. या माणसाला पगार देऊन सरकारने तेहतीस वर्षं निर्णय घ्यायला लावले होते.

सुवर्णाने आवाज चढवला नाही. "ठीक. पण करारावर सही मंगळवारनंतर. हळबेबाईंचा नियम घटनेत आहे. नवा माणूस आधी एक पाय धुणार."

मॅडमनी घटना काढली. पान सात. होतं. तक्त्यात आणखी एक चौकोन झाला आणि त्यांना बरं वाटलं.

मंगळवारी कारखानीस आला. पन्नाशीचा, पण सडपातळ, खादीचा कुर्ता मुद्दाम चुरगाळलेला. त्याने सगळ्यांना नमस्कार केला, शिपायालाही. पाटावर न सांगता मांडी घालून बसला. इंगवले मोबाइल घेऊन फोटोला उभे राहिले.

"मला ही परंपरा फार हृद्य वाटली," कारखानीस म्हणाला. "आमच्या कामाचं सूत्रच आहे, लाभार्थ्याचं ऐका."

दोन बादल्या होत्या. एकीतून वाफ निघत होती, दुसरी गार. सुवर्णाने रिकामा टप पुढे सरकवला आणि बाजूला उभी राहिली. पाटी त्याच्या नाकासमोर, चार हातांवर होती. त्याने वाचलीही, मान डोलावली, छान आहे म्हणाला. मग वाफाळतं पाणी टपात ओतलं, त्यात गार पाण्याचा एक तांब्या टाकला, आणि हातमोजे चढवले. हातमोजे जाड होते.

मग रेवणप्पांचा पाय दोन्ही हातांत घेऊन तो अतिशय मायेने म्हणाला, "काका, तुम्ही पायाचं बोट बुडवून सांगा. पाणी कसं वाटतंय?"

रेवणप्पांनी पायाचा अंगठा टेकवला. एवढ्या मोठ्या माणसाने पाय हातात घेतला होता. ते कानकोंडे झाले. "बरं हाय की साहेब. एकदम बरं हाय."

"बरं आहे म्हणतात," कारखानीस समाधानाने म्हणाला आणि पाय खाली नेऊ लागला.

सुवर्णाने झडप घालून घोटा धरला. पाय टपाच्या काठाला लागून वर आला. अंगठ्याचं टोक लाल झालं होतं. तिने कारखानीसाच्या मनगटावरचा हातमोजा ओढून काढला आणि त्याचा हात कोपरापर्यंत त्याच टपात दाबला.

तो किंचाळला.

"आता कसं वाटतंय?" ती म्हणाली. "तुम्हाला कळतंय. त्यांना कळत नाही. म्हणून त्यांना विचारायचं नसतं. भिंतीवर लिहिलंय, वाचलं तुम्ही, छान म्हणालात! उमरग्यातही असंच विचारलंत. ज्याला दुखणं कळत नाही अशा पेटीला विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, बरं आहे. आणि तुम्ही पाय आत घातलात. तीन पाय!"

खोलीत पन्नास माणसं होती. रेवणप्पा आपल्या अंगठ्याकडे असे बघत होते, जणू दुसऱ्या कुणाचा अंगठा आहे.

इंगवल्यांनी मोबाइल खिशात घातला. "सुवर्णाबाई, हा हल्ला आहे."

"सही करणार का अजून?"

"एका टपावरून माणसाची पारख होत नाही. पाणी हा त्यांचा विषय नाही."

कारखानीस हात चोळत उठला. चेहरा लाल होता, पण हसू त्याने परत जागेवर बसवलं होतं. तो चिडला असता तर सुवर्णाला जरा आशा वाटली असती. "नाही, नाही, त्यांचं बरोबर आहे," तो म्हणाला. "फार मोलाचा धडा मिळाला. पाण्याची काळजी घ्यायची हा मुद्दा आपण प्रतिवाणीत घालू. चाचणी सकाळपासून सुरूच आहे. रुग्णांना सुवर्णाताईंचा आवाज आवडतोय."

"माझा आवाज? कुठं सुरू आहे?"

उत्तर वरच्या मजल्यावरून आलं. फोन वाजला. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा वाजायच्या आत कुणीतरी उचलला. उघड्या खिडकीतून तिचाच आवाज खाली आला, तिने आयुष्यात कधी काढला नव्हता इतका गोड.

"नमस्कार. पदरक्षा मंडळातून सुवर्णा सातपुते बोलते."

"बाई, मंद्रूपवरनं गंगव्वा बोलते," फोनमधला म्हातारा आवाज. "आज यायला बस मिळाली नाही. घरीच पाय धुती. पाणी तापवून बसलेय."

"आपण घरी काळजी घेताय, याचा आनंद वाटला. काळजी घ्या हं. पाणी कसं वाटतंय आपल्याला?"

सुवर्णा जिन्याकडे धावली. पायऱ्या अठरा होत्या.

"बरं वाटालंय बाई," गंगव्वा म्हणाली.

"छान. मग पाय—"

सुवर्णाने दार ढकललं आणि टेबलावरच्या नव्या पांढऱ्या पेटीवर वाकून जिवाच्या आकांताने ओरडली, "गंगव्वा, थांबा! पाय घालू नका! आधी कोपर घाला पाण्यात, कोपर!"

"—पाय हळूच आत ठेवा," तिचाच आवाज शांतपणे म्हणाला. "माझी काही हरकत नाही."

"घालू नका म्हणते ना! मी सुवर्णा बोलते!"

"मी सुवर्णा बोलते," पेटी म्हणाली.

पलीकडे काही वेळ नुसता पाण्याचा डुबुक डुबुक आवाज येत राहिला. पाय होता की कोपर, ते कळायला मार्ग नव्हता. मग गंगव्वाचा गोंधळलेला आवाज आला.

"अगं बाई, दोघी दोघी काय बोलायलात? एक वरडायलीय, एक ग्वाड बोलायलीय. मी ऐकू कुणाचं? खरी कोण हाय तुमच्यातली?"